वाचकांचे प्रश्न: देवाचं काम आहे, मग हिशोब कुणाला द्यायचा?

मागच्या अंकात याच पानावर मी लिहिलं होतं की ख्रिस्ती माणूस संस्थेच्या खुर्चीत बसतो तेव्हा तो मालक नसतो, कारभारी असतो. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की या वेळचं सगळं पान त्यालाच देतेय. नावं-गावं काढलीत, पत्रं थोडी छोटी केलीत.

प्रश्न: ताई, ख्रिस्तात सलाम. आमच्या ट्रस्टची एक शाळा आणि मुलींचं होस्टेल आहे. यंदा मला सेक्रेटरी केलं. पहिल्याच मीटिंगला मी मागच्या तीन वर्षांची व्हाउचर्स बघायला मागितली तर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, बाळा, हे देवाचं काम आहे, आपण देवाला हिशोब देतो, एकमेकांवर अविश्वास दाखवायची आपली पद्धत नाही. नंतर क्लार्ककडून कळलं की होस्टेलच्या बाथरूमसाठी आलेली देणगी शताब्दीच्या मंडपाला आणि स्मरणिकेला वापरली गेली. पैसे कुणी खाल्ले नाहीत. पण मी बोललो तर मंडळीत फूट पडेल असं सगळे म्हणतात. मग कारभारी म्हणून मी काय करायचं, गप्प राहून प्रार्थना?

उत्तर: भाऊ, सलाम. प्रार्थना कराच, पण गप्प राहू नका. "आपण देवाला हिशोब देतो" हे वाक्य मी कितीतरी ट्रस्टच्या मीटिंगांत ऐकलंय आणि दर वेळी ते माणसांना हिशोब द्यायचा टाळण्यासाठीच वापरलेलं बघितलंय, बोलणारा माणूस प्रामाणिक असला तरीसुद्धा. बायबलमध्ये मात्र बरोबर उलटं आहे. २ करिंथ ८ उघडा. यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौल वर्गणी गोळा करतोय, रक्कम मोठी आहे, आणि तो ती एकट्याने नेत नाही, आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडून दिलेला एक भाऊ घेतो आणि कारणही स्वच्छ सांगतो की या मोठ्या रकमेवरून कुणी आमच्याकडे बोट दाखवू नये, जे योग्य ते आम्ही प्रभूसमोर करतो आणि माणसांसमोरही करतो. पौलासारख्या प्रेषिताला सोबत साक्षीदार घ्यावासा वाटला, तर तुमच्या ज्येष्ठांना व्हाउचर दाखवण्यात कमीपणा वाटायचं काय कारण?

दुसरा उतारा २ राजे १२. योआश राजाने मंदिराच्या डागडुजीसाठी पैसे याजकांच्या हवाली केले होते आणि त्याच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष आलं तरी डागडुजी झालेलीच नव्हती. चोरी झाली असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही, नुसतं काम झालं नव्हतं, तुमच्या बाथरूमसारखंच. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं, ती वेदीच्या बाजूला ठेवली, आणि पैसे साठले की राजाचा चिटणीस आणि महायाजक दोघं मिळून ते मोजून थैल्यांत बांधायचे. राजाचा एक माणूस, मंदिराचा एक माणूस. आता एक आधीच सांगून ठेवते, याच अध्यायात पंधरावं वचन आहे की कामावर देखरेख करणाऱ्यांकडून हिशोब घेत नसत कारण ते सचोटीने वागत, आणि कुणीतरी ते तुमच्या तोंडावर नक्की टाकणार. तेव्हा शांतपणे सांगा की हा विश्वास पेटी, मोजणी आणि दोन माणसं हे सगळं लागू झाल्यानंतरचा आहे.

तुमच्या चर्चमध्ये रविवारचं अर्पण कसं मोजतात ते आठवून बघा. जिथे नीट चालतं तिथे भक्ती संपली की थैल्या आतल्या खोलीत टेबलावर रिकाम्या होतात, पाचशेच्या, शंभरच्या, पन्नासच्या नोटांचे वेगळे गठ्ठे, नाण्यांच्या दहा-दहाच्या चळती, चुरगळलेली दहाची नोट कुणीतरी हाताने सरळ करतं, मोजणारे दोघं एका घरचे नसतात, आकडा पेनने रजिस्टरमध्ये, खोडलं तर बाजूला सही, शेवटी दोघांच्या सह्या आणि सोमवारी बँकेची स्लिप त्याच पानाला चिकटवलेली. पाळकसाहेब त्या पैशाला हातही लावत नाहीत आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. ट्रस्टच्या ऑफिसात हीच शिस्त मागितली की मात्र तो अविश्वास ठरतो!

आता प्रत्यक्षात काय करायचं. सगळ्यात आधी धर्मादाय आयुक्त कार्यालयात तुमचं नाव शेड्यूल वनवर, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदीच्या कागदावर, चढलंय का बघा. बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची लेखी माहिती, द्यायचा असतो आणि आपल्या अनेक ट्रस्टमध्ये वर्षानुवर्षं मेलेल्या ट्रस्टींची नावं तशीच असतात, सह्या दुसरेच करत असतात, आणि पुढे कोर्टकचेरी झाली की सगळं तिथेच अडतं. मग बँक स्टेटमेंट आणि कॅशबुक शेजारी ठेवून जुळवा. व्हाउचर मागताना कुणा एकाचं नाव घेऊ नका, "किरकोळ खर्च" आणि "इतर खर्च" या दोन खात्यांपासून सुरुवात करा, कारण न विचारलेले प्रश्न बहुतेक तिथेच जाऊन बसलेले असतात.

बाथरूमच्या देणगीचं मात्र लांबणीवर टाकू नका. देणगीदाराने ज्या कामासाठी पैसे दिले ते काम ट्रस्टने स्वीकारलं, तेव्हा तो पैसा ट्रस्टने मनाला येईल तिथे वापरायचा राहिला नाही. कमिटीत ठराव करा की ही रक्कम जनरल फंडातून इतक्या महिन्यांत बाथरूमच्या कामाला परत दिली जाईल, आणि देणगीदाराला पत्र लिहून खरं काय झालं ते सांगा. पत्र लिहायची लाज वाटेल, पण ते लिहाच. आणि ही देणगी परदेशातून आलेली असेल तर प्रकरण नुसत्या नैतिकतेचं नाही, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याने तो पैसा ज्या कारणासाठी आला त्यालाच वापरायचा असतो, इथल्या पैशात मिसळायचा नसतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो स्टेट बँकेच्या दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. "नंतर भरून टाकू" हे तिथे चालत नाही. सीएला आजच फोन करा.

"देवावर विश्वास आहे तर हिशोब कशाला" म्हणणाऱ्यांना जॉर्ज म्युलर यांचं सांगा. १८३६ मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला अनाथाश्रम सुरू केला, पैसे कुणाकडे मागायचे नाहीत, फक्त प्रार्थना करायची हा त्यांचा नेम सगळ्या जगाला माहीत आहे. पण हाच माणूस दर देणगीची नोंद ठेवायचा, नंबर घातलेली पावती द्यायचा आणि वार्षिक अहवाल छापायचा, म्हणजे देणगीदाराने आपला नंबर काढून बघावं की आपला पैसा पोचला. प्रार्थनेवर एवढा विसंबलेला माणूस पावतीच्या बाबतीत इतका काटेकोर होता.

एक अजून. सेक्रेटरी म्हणून तुम्हाला ट्रस्टची गाडी, मोबाईल, प्रवासभत्ता देऊ करतील. नहेम्या ५ वाचा आणि मग ठरवा. तो यहूदाचा अधिपती होता आणि १२ वर्षं त्याने अधिपतीच्या हक्काचा भत्ता घेतला नाही, कारण लोकांवर आधीच ओझं होतं. तुमच्या होस्टेलच्या मुली सकाळी बाथरूमच्या रांगेत उभ्या आहेत तोवर तरी गाडी नको. फूट पडेल याची भीती मला कळते, थोडा आवाज होईलही, पण पालकांना आणि मंडळीला दर तिमाहीचा जमाखर्च नोटीस बोर्डवर दिसायला लागला की बोलणारे हळूहळू तुमच्याच बाजूने येतात हे मी बघितलंय.

प्रश्न: मी ख्रिस्ती नाही, पण एका मिशन हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. पगार दोन-दोन महिने लांबतो. पीएफ कापतात पण पासबुकला दिसत नाही. विचारलं की ही सेवा आहे, पेशंट गरीब आहेत असं सांगतात. तुमच्या त्या कारभारीपणात आम्ही कुठे येतो?

उत्तर: ताई, सगळ्यात आधी येता. तुम्ही ख्रिस्ती आहात की नाही याचा इथे काडीचा संबंध नाही. लेवीय १९:१३ मध्ये मजुराची मजुरी रात्रभरसुद्धा आपल्याजवळ ठेवू नको असं लिहिलंय आणि याकोब ५:४ मध्ये तर अडकवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते आणि ते ओरडणं प्रभूच्या कानी जातं असं आहे. सेवा करायचा निर्णय माणसाने स्वतःचा स्वतः घ्यायचा असतो, मॅनेजमेंटने तुमच्या पगारातून परस्पर सेवा करायची नसते.

मला मिशन हॉस्पिटलांची अडचण माहीत आहे. बाहेरची मदत आटली, तालुक्याच्या गावात डॉक्टर टिकत नाहीत, सरकारी आरोग्य योजनेचे क्लेम अडकून राहतात, आणि तरीही पैसे नसलेल्या पेशंटला दारातून परत पाठवायचं नाही हा त्यांचा बाणा आहे, त्याबद्दल मला खरंच आदर आहे. पण पैसा कमी पडला की आधी कुणाचं थांबवायचं हा निर्णय कुणीतरी घेतच असतं. आया, वॉर्डबॉय, नर्स यांचा पगार आधी द्यायचा आणि डायरेक्टर, डॉक्टर, ऑफिस यांचा नंतर, असा क्रम लावणारी मॅनेजमेंट मला कारभारी वाटते. आणि सगळ्या स्टाफला बसवून किती येणं आहे, किती देणं आहे ते फळ्यावर मांडून दाखवणारी तर त्याहून जास्त, कारण खरा आकडा कळला की लोक बरंच सोसतात, लपवलेलं मात्र सोसवत नाही.

पीएफचं वेगळं आहे. पगारातून कापलेली रक्कम हॉस्पिटलची नव्हेच, ती तुमची. ती पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावी लागते, आणि कापून न भरणं हा कायद्याने फौजदारी विश्वासघात धरला जातो. यूएएनवरून, म्हणजे तुमच्या पीएफच्या नंबरवरून, पासबुकची प्रिंट काढा, पगाराच्या स्लिपा जोडा, चार-पाच जणी मिळून मेडिकल डायरेक्टरना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर पीएफ ऑफिसच्या तक्रार पोर्टलवर टाका. हॉस्पिटलची बदनामी होईल म्हणून थांबू नका, बदनामी झालीच तर ती न भरलेल्या पैशामुळे होईल.

प्रश्न: वसईत माझं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. रविवारी मिस्साला तालांतांच्या दृष्टांतावर प्रवचन झालं आणि मला वाटायला लागलं की देवाने दिलेलं मी जमिनीत पुरून ठेवलंय. मोठं कर्ज काढून दुसरं युनिट टाकावं का? बायको म्हणते आहे ते नीट सांभाळ.

उत्तर: दादा, वहिनींचं ऐका असं लगेच म्हणत नाही, पण मत्तय २५ पुन्हा एकदा सावकाश वाचा. धनी परदेशी जाताना तीन चाकरांकडे पाच, दोन आणि एक तालांत सोपवतो, पहिले दोघं ते दुप्पट करतात आणि तिसरा आपला जमिनीत पुरून ठेवतो. एक तालांत म्हणजे मजुराची जवळजवळ २० वर्षांची कमाई, म्हणजे एक मिळालेला माणूसही गरीब नव्हता. धन्याने प्रत्येकाला त्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे दिलं असं स्पष्ट लिहिलंय. आणि पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला शाबासकी अगदी त्याच शब्दांत मिळते, जास्त कमावलं म्हणून जास्त कौतुक नाही. तिसऱ्याचं चुकलं कुठे तर तो घाबरला, धनी कठोर आहे असं मनात धरून बसला आणि हातच लावला नाही.

म्हणजे दृष्टांत तुम्हाला "मोठं व्हा" म्हणत नाहीये, भीतीपोटी काहीच न करण्याबद्दल बोलतोय. आता तुमच्या युनिटमध्ये काय पुरून ठेवलंय ते बघा. एखादा हुशार वेल्डर वर्षानुवर्षं तेच काम करतोय आणि त्याला ड्रॉइंग वाचायला कुणी शिकवलं नाही, असं असेल तर तुमचा पुरलेला तालांत तो आहे, आणि त्याला शिकवायला कर्ज लागत नाही. कामगारांना चष्मे, हातमोजे, विमा आहे का? जुन्या कामगाराची ग्रॅच्युइटी बाजूला काढलीय का, की तो सोडून जाईल त्या दिवशी बघू असं आहे? हे सगळं झाल्यावर ऑर्डरी खरंच हाताबाहेर जात असतील तर कर्ज काढण्यात पाप नाही. तुमच्या वसईतच १९१८ साली मोन्सेन्योर पी. जे. मोनीस यांनी पतपेढी सुरू केली आणि तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली, म्हणजे कर्ज नीट वापरून उभं राहायचं हे तिथल्या समाजाला नवीन नाही. फक्त मंदीचे सहा महिने आले तर हप्ता कुठून जाईल ते कागदावर मांडा, आणि ते उत्तर "कामगार कमी करून" असं येत असेल तर थांबा, कारण मग धोका तुम्ही घेताय आणि किंमत ते मोजणार.

प्रश्न: आमच्या मिशन कंपाऊंडच्या जागेवर बिल्डर टॉवर बांधून देतो म्हणतोय, बदल्यात चर्चला हॉल आणि चार फ्लॅट. कमिटी तयार आहे. जमीन पडून आहे, मग वापरली तर ते चांगलं कारभारीपण नाही का?

उत्तर: असेलही, पण घाईत आणि बंद दाराआड केलेलं नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची जमीन विकायची किंवा बदलून द्यायची असेल, किंवा बिगरशेती जागा ३ वर्षांपेक्षा जास्त आणि शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, तिच्याशिवाय व्यवहार टिकत नाही. आपल्याकडच्या मिशनच्या जमिनींचे किती दावे वर्षानुवर्षं कोर्टात पडून आहेत ते तुम्ही बघताच. दोन स्वतंत्र व्हॅल्युएशन घ्या, जाहिरात देऊन ऑफर मागवा, एकाच बिल्डरचा कागद घेऊन बसू नका. कमिटीतल्या कुणाचा त्या बिल्डरशी धंद्याचा किंवा नात्याचा संबंध असेल तर त्याने तसं सांगून मतदानातून बाहेर राहावं. आणि मंडळीच्या सर्वसाधारण सभेत नकाशा भिंतीवर लावून चर्चा होऊ द्या. ज्यांनी ती जमीन दान दिली ते आज विचारायला येणार नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने कडक प्रश्न तुम्हीच विचारायचे.

प्रश्न: ताई, मी महिलांसाठी काम करणारी संस्था वीसेक वर्षं चालवतेय. सगळं माझ्यावर आहे. सुट्टी घेतली की फोन, आजारी पडले तरी फोन. देवाने मला हे सोपवलंय, सोडलं तर अविश्वासू ठरेन असं वाटतं. पण आता शरीर साथ देत नाही.

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि काळजी वाटली. देवाने सोपवलंय हे खरं, पण त्याने ते तुमच्या नावावर करून दिलेलं नाही. आपण गेलो की बंद पडेल असं काम उभं राहिलं असेल तर, कितीही जीव ओतून केलेलं असो, त्यात कुठेतरी मालकी शिरलीय, आणि हे मी तुम्हाला दोष द्यायला म्हणत नाही, चांगल्या माणसांच्याच बाबतीत हे सगळ्यात जास्त होतं. निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसतो, त्याचा सासरा इथ्रो बघतो आणि तोंडावर सांगतो की हे तू चांगलं करत नाहीस, तू पण थकशील आणि हे लोक पण. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायला लावतो. देवाचा निवडलेला पुढारी आणि सांगणारा बाहेरचा मिद्यानी माणूस, आणि मोशेने ते ऐकलं!

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्याकडे सगळे देतात, पण त्यांच्या कामाच्या या बाजूकडे फारसं कुणी बघत नाही. १८८७ मध्ये अमेरिकेत बॉस्टनला रमाबाई असोसिएशन झाली आणि त्यांच्या कामाला १० वर्षं मदत करायचं ठरलं, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही त्यांची विधवा मुलींसाठीची शाळा सुरू झाली, आणि मुदत संपल्यावर १८९८ मध्ये त्या स्वतः अमेरिकेला गेल्या, मदत देणाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. आणि केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या मुली नुसत्या सांभाळल्या नाहीत, त्यांना शेती, विणकाम, छापखाना शिकवला, शिकलेल्या मुली पुढे तिथेच इतरांना शिकवायला लागल्या. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल उघडलं आणि १८९७ पासूनच इथल्या मुलांना वैद्यकीय शिक्षण द्यायला लागले. आपल्यानंतर कोण, हे त्यांनी म्हातारपणावर ढकललं नाही.

तुमच्या संस्थेत अशी कोण आहे? बहुतेक एखादी असेलच, जी फील्डवर सगळं बघते पण चेकवर सही करायचा अधिकार तिला नाही, फंडिंगच्या मीटिंगला तिला कधी नेलं नाही, आणि बोर्डातल्या लोकांना तिचं आडनावही माहीत नाही. तिला यंदाच्या बजेटला शेजारी बसवा, पुढच्या वर्षी बजेट तिने करू दे आणि तुम्ही शेजारी बसा. सह्यांमध्ये तिचं नाव घाला. तिने तुमच्यापेक्षा वेगळा निर्णय घेतला तर लगेच बदलू नका, नुकसान छोटं असेल तर होऊ द्या. आणि बोर्डाला लेखी कळवा की अमुक वर्षी मी पद सोडणार, म्हणजे तुम्हालाच मागे फिरता येणार नाही.

त्याआधी या मे महिन्यात पंधरा दिवस सुट्टी घ्या, फोन तिच्याकडे द्या, चार्जरसकट. डॉक्टरकडेही जाऊन या. परत आल्यावर तिच्याबरोबर बसून तुमच्यावाचून काय काय अडलं होतं त्याची यादी करा, आणि त्या यादीतली एक-एक गोष्ट तिला शिकवायला घ्या.